रात्रीच्या कबड्डी सामन्यांसाठी कॅमेरा कोणता घ्यावा? (मातीचं मैदान, कमी उजेड, बजेट ९० हजार)

मध्यरेषा

नमस्कार मंडळी. इथलं प्रकाशचित्रणाचं सदर बरेच दिवस वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच.

मी चिपळूणजवळच्या एका गावात क्रीडाशिक्षिका आहे. आमच्या गावचा मुलींचा कबड्डी संघ आहे. भातकापणी उरकली की पार उन्हाळ्यापर्यंत आजूबाजूच्या गावांत रात्रीचे सामने चालतात. मुली शाळा-कॉलेज, घरकाम, शेतातली कामं सांभाळून खेळतात आणि फार चांगल्या खेळतात. पण प्रत्यक्ष खेळतानाचा एकही धड फोटो त्यांच्याकडे नाही. ढाल घेतानाचे, हार घातलेले, रांगेत उभे राहिलेले फोटो ढीगभर आहेत. चढाईचा, पकडीचा नाही. मला तो काढायचा आहे.

माझ्याकडे निकॉन डी५३०० आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स. परवाच्या सामन्यात साडेतीनशे फोटो काढले, एकही ठेवण्यासारखा आला नाही. चेहरे पुसल्यासारखे, हातापायांच्या जागी पांढरट पट्टे. आकडे असे होते: ५५ एमएम, एफ/५.६, शटर १/६०, आयएसओ (फोटो किती उजळ करायचा तो आकडा) ६४००. फ्लॅश वापरत नाही आणि वापरणारही नाही. चढाई चालू असताना मुलींच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं मला पटत नाही.

दुकानात विचारलं तर म्हणाले, "फुल फ्रेम घ्या मॅडम, त्याशिवाय रात्रीचं जमायचं नाही." फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा. ९० हजारांपर्यंत खर्च करू शकते, तेही एकदाच. चुकीचं काही घेतलं तर पुन्हा जमवायला दोन-तीन वर्षं जातील. म्हणून आधी तुम्हाला विचारते आहे.

सह्यवारा

स्वागत ताई. माझं मत स्पष्ट आहे: डीएसएलआरचा (तुमच्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्याचा) नाद सोडा आणि वापरलेला सोनी ए७ थ्री शोधा. २०१८चं मॉडेल आहे, पण २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर, सेकंदाला १० फोटो, आणि ६९३ फोकस पॉइंट जवळजवळ अख्ख्या चौकटीभर पसरलेले. आयएसओ ६४००ला डी५३०० जी घाण करतो ती इथे दिसणार नाही. त्याच्यावर ८५ एमएम एफ/१.८ लावा. बजेट थोडं ताणावं लागेल, पण पुढची पाच-सहा वर्षं बघावं लागणार नाही.

कॅनन आर६ही उत्तम आहे. अंधारात फोकस पकडण्यात तो सोनीपेक्षा सरस वाटतो मला. पण तो या बजेटमध्ये बसणं कठीण.

नवखा_०७

एक शंका. हल्लीच्या फोनमध्ये नाइट मोड एवढा चांगला असताना कॅमेऱ्यावर इतका खर्च कशाला?

जुनी_काच

नवखा, फोनचा नाइट मोड एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर बसवतो. देऊळ, रस्ता, शांत बसलेली आजी यांना ते छान चालतं. चढाई करणारी मुलगी तेवढ्या वेळात दोन पावलं पुढे गेलेली असते, मग ती पुसट तरी होते नाहीतर तिला दोन हात जास्त येतात.

मध्यरेषाताई, तुम्ही आकडे दिलेत हे फार चांगलं केलंत. निम्मं उत्तर त्या आकड्यांतच आहे. जरा सविस्तर लिहितो.

धावताना आडवी जाणारी मुलगी साधारण सेकंदाला ५ मीटर वेगाने जाते असं धरू. तुमचं शटर १/६० सेकंद उघडं होतं. तेवढ्यात ती ८ सेंटिमीटर सरकली. पकडीसाठी झेपावणारा हात शरीराच्या दुप्पट वेगाने जातो असं धरलं तर तो १६-१७ सेंटिमीटर. म्हणजे फोटोत हात दिसणारच नाही, पट्टा दिसेल. तुम्हाला तोच दिसला. हेच शटर १/५०० केलं तर शरीर १ सेंटिमीटर आणि हात २ सेंटिमीटर सरकेल. बोटं बोटांसारखी दिसतील. तेव्हा कबड्डीला १/५०० ही खालची मर्यादा समजा, १/८०० मिळालं तर आनंद.

आता १/६० वरून १/५०० वर जायला साधारण आठपट उजेड हवा. तो कुठून आणायचा? मैदानावरचे दिवे आपल्या हातात नाहीत. उरले तीन मार्ग: आयएसओ वाढवा, सेन्सर मोठा घ्या, नाहीतर लेन्सचं भोक मोठं करा.

फुल फ्रेम सेन्सर तुमच्या डी५३००च्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने सव्वादोन पट. म्हणजे सव्वा स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) थोडा कमी फायदा. नवा सेन्सर आहे म्हणून आणखी थोडं धरा. आता लेन्स बघा. एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. एफ/५.६ ऐवजी एफ/१.८ लावली तर (५.६ ÷ १.८) चा वर्ग, म्हणजे ९.७. जवळजवळ दहापट उजेड! त्याच कॅमेऱ्यावर, त्याच आयएसओला तुमचं शटर १/६० वरून १/५०० च्या पलीकडे जातं. दुकानदाराने सांगितलेला फुल फ्रेम तुम्ही घेतलात आणि त्याच्यासोबत एफ/४-५.६ची किट लेन्स आली, तर १/१५०च्या आसपास अडकाल. पैसे संपतील आणि पट्टे तसेच राहतील.

म्हणून माझा आग्रह: आधी ५० एमएम एफ/१.८ जी ही लेन्स मिळवा. शेवटचं "जी" अक्षर नीट बघून घ्या. तिच्यासारखीच दिसणारी "डी" नावाची जुनी लेन्स स्वस्तात मिळते, पण ती फोकस करायला कॅमेऱ्याच्या आतली मोटर वापरते आणि डी५३००मध्ये ती मोटरच नाही. "डी" घेतलीत तर फोकस हाताने फिरवत बसावं लागेल.

आणखी एक. कोणी म्हणेल की स्टॅबिलायझेशनवाला कॅमेरा घ्या, कमी उजेडात उपयोगी पडतो. तो तुमच्या हाताची थरथर थांबवतो, समोरच्या मुलीची धाव थांबवत नाही. या कामासाठी त्याचे वेगळे पैसे मोजू नका.

सह्यवारा

गणित मान्य आहे जुनी_काच. पण मी तरी कुठे किट लेन्स सुचवली? फुल फ्रेम आणि एफ/१.८ दोन्ही मिळालं तर दोन्हीचा फायदा. आणि डी५३००चा फोकस? ३९ पॉइंट, त्यातले मधले ९ तेवढे क्रॉस टाइप (आडवे-उभे दोन्ही काठ पकडणारे). अंधारात अंगावर धावून येणारा खेळाडू त्याला झेपेल असं मला वाटत नाही. शटर १/५०० झालं आणि फोकस मागच्या बांबूवर गेला तर काय उपयोग?

जुनी_काच

फोकसचा मुद्दा खरा आहे. पण ते वापरून कळू दे की. लेन्स आणून दोन सामने काढले की कॅमेरा नेमका कुठे कमी पडतो ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मग उरलेले पैसे त्याच दुखण्यावर लावता येतील.

वार्तापट

मी एका जिल्हा दैनिकासाठी वीसेक वर्षं फोटो काढतो. कबड्डी, खो-खो, कुस्तीची मैदानं, सगळं रात्रीचंच. कॅमेऱ्यावर बोलायला इथे जाणकार आहेत, मी मैदानावरचं सांगतो. कारण कॅमेरा बदलल्याने माझे फोटो जेवढे सुधारले त्याहून जास्त बसायची जागा बदलल्याने सुधारले.

मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटर, म्हणजे एका संघाचा भाग ६ बाय ८. चढाई करणारी मध्यरेषेवरून समोरच्या भागात शिरते. तिचा चेहरा हवा असेल तर बचाव करणाऱ्या संघाच्या मागे, अंतिम रेषेपलीकडे, कोपऱ्याच्या जवळ बसा. तिथून तिचे डोळे दिसतात, आणि कोपऱ्यातली मुलगी घोट्यावर झेपावते ते अगदी तुमच्या समोर घडतं. पण पकड झाल्यावर ती मुलगी मध्यरेषेकडे वळते, तुम्हाला फक्त पाठ दिसते. तो फोटो हवा असेल तर मध्यरेषेच्या टोकाला, बाजूच्या रेषेबाहेर बसावं लागतं. तिथून रेषेकडे ताणलेला हात, मागे ओढणारी साखळी आणि चेहऱ्यावरचा जोर, तिन्ही एका चौकटीत येतात. माझे उत्तम फोटो सगळे याच जागेवरचे आहेत. पंचांना आधी विचारून बसा, आणि राखीव क्षेत्राच्या रेषेला चिकटून नको. पकडीचा ढीग बाहेर येऊन अंगावर पडतो.

उभं राहून काढू नका. मांडी घालून बसा, कॅमेरा खेळाडूच्या कमरेच्या खाली येऊ दे. खालून घेतल्याने उडी उंच दिसते आणि मागे माणसांच्या गर्दीऐवजी काळोख येतो.

आता वेळ. चढाई ३० सेकंदांची असते, पण त्यातली २५ सेकंदं नुसती हुलकावणी. बटण दाबून ठेवून काही साधत नाही. बोनस रेषेपलीकडे पाय टाकताना मुलगी मागचा पाय उचलते, त्या क्षणी तिचं अंग जवळजवळ थांबलेलं असतं. बचावाच्या डोक्यावरून उडी मारली तर सगळ्यात वर पोचल्यावर क्षणभर थांबते. हुल देऊन दिशा बदलतानाही तसंच. हे थांबे ओळखता आले तर १/२५० लाही स्वच्छ फोटो मिळतो. तुम्ही तर खेळ शिकवता. कुठली मुलगी कधी झेपावणार हे आमच्या आधी तुम्हाला कळतं. हा फायदा कुठल्याच कॅमेऱ्यात विकत मिळत नाही.

आणि आयएसओला घाबरू नका. फोटो भुरकट आहे म्हणून आमच्या उपसंपादकांनी कधी परत पाठवला नाही. हललेला मात्र दर वेळी परत आला.

पायपेटी

वार्तापट यांना पूर्ण अनुमोदन. मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे जत्रांमध्ये रात्रभर दशावतार चालतो, तिथे काढतो. देवळाच्या मांडवात ट्यूबलाइट, एखादा पिवळा दिवा, आणि युद्धाच्या प्रसंगात दोन राजे तलवारी घेऊन गिरक्या घेतात. उजेड तुमच्याहून कमी असेल, पण अंतर दोन-तीन मीटरच. मी ३५ एमएम एफ/१.८ वर सगळं काढतो, शटर १/२५०.

एक वेगळा प्रयोगही सांगतो. गिरकीच्या वेळी मी मुद्दाम शटर १/३० वर आणतो आणि कॅमेरा नटाच्या चेहऱ्याबरोबर फिरवतो. चेहरा बऱ्यापैकी टिकतो, शेला आणि तलवार यांचं वर्तुळ होतं. वीसात एखादा साधतो, पण त्या एकात मृदंगाचा ठेका दिसतो असं मला वाटतं. कबड्डीत चढाई करणारी पुढेमागे जास्त आणि आडवी कमी जाते, त्यामुळे तिथे हे कितपत जमेल ते वार्तापट सांगतील.

वार्तापट

कबड्डीत नाही जमत पायपेटी. खो-खोत जमतं, पळणारा गडी आडवा जातो तेव्हा.

टोरांटोकर

माझी लेक इथे बॅडमिंटन खेळते, मी कॅनन आर६ वापरतो. डोळ्यांवर फोकस धरून ठेवण्याची सोय बॅडमिंटनला स्वर्ग आहे, कारण कोर्टाच्या एका बाजूला एक किंवा दोनच माणसं. कबड्डीत सात मुली एकत्र असतात. तिथे आपोआप चेहरा शोधणारा कॅमेरा चढाई करणारीला सोडून मागच्या मुलीच्या चेहऱ्यावर उडी मारू शकतो. इथल्या लहान मुलांच्या बास्केटबॉलमध्ये मला हाच त्रास झाला. शेवटी आपोआप शोधणं बंद केलं आणि छोटा चौकोन स्वतः खेळाडूवर ठेवायला लागलो. म्हणजे नव्या कॅमेऱ्याची जी गोष्ट जाहिरातीत सगळ्यात मोठी, ती गर्दीच्या खेळात अर्धीच कामी येते. खरेदी करताना हे लक्षात असू दे.

मध्यरेषा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. दोनदा वाचलं, वहीत उतरवून घेतलं.

शाळेतल्या एका सहकाऱ्याकडे ५० एमएम एफ/१.८ जी निघाली (जी आहे, तपासलं!). शनिवारी शेजारच्या गावात सामने आहेत. जाऊन येते आणि सांगते.

मध्यरेषा

शनिवारचा वृत्तांत.

पहिला अर्धा डाव कोपऱ्याच्या मागे बसले, नंतर मध्यरेषेच्या टोकाला. एफ/२, १/५००, आयएसओ ६४००. ४१० फोटो. पहिल्यांदाच कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मुलींची बोटं दिसली! एका फोटोत आमच्या उजव्या कोपऱ्यातल्या मुलीच्या तळहाताची माती हवेत उडालेली दिसते आहे, कण न् कण. सामना संपल्यावर मुली कॅमेऱ्याभोवती गोळा झाल्या आणि अर्धा तास हलल्या नाहीत. एकीने विचारलं, "बाई, मी अशी दिसते खेळताना?" मला उत्तर सुचेना.

ठेवण्यासारखे साधारण ६० निघाले. बाकीच्यांत दोन-तीन दुखणी आहेत.

एक, लागोपाठ काढलेल्या फोटोंत एक उजळ, दुसरा काळपट, तिसरा पिवळसर. सेटिंगला हात लावलेला नाही. दिवे चालूबंद होतानाही दिसले नाहीत.

दोन, मुली आडव्या जातात तेव्हा फोकस ठीक, पण माझ्याकडे धावत येतात तेव्हा बहुतेक वेळा मागे पडतो. सह्यवारा, तुम्ही म्हणाला होतात तसंच.

तीन, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मोठ्या, कच्च्या फाइलमध्ये) काढत होते, चार-पाच फोटो सलग काढले की कॅमेरा अडकतो. नेमका तेव्हाच लोण पडला.

जुनी_काच

वा! साडेतीनशेतून शून्यावरून चारशेतून साठ, तेही उसन्या लेन्सवर. फार बरं वाटलं वाचून.

उजळ-काळपटचं कारण दिवे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मेटल हॅलाइड आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही. पण १/५०० चं शटर त्या एका हेलकाव्याचा पाचवा भाग तेवढा टिपतं. कधी तेज भाग सापडतो, कधी मंद. रंगही त्याबरोबर बदलतो. गावात सगळे त्यांना "हॅलोजन"च म्हणतात, पण खऱ्या जुन्या हॅलोजनमध्ये तार तापलेली राहते, तो इतका लुकलुकत नाही. तुमच्याकडे बहुधा एलईडी फ्लडलाइट असावेत. एकदा जवळ जाऊन बघा.

यावर कॅमेऱ्यातच उपाय असतो: दिव्याचा हेलकावा ओळखून तो तेज असतानाच शटर उघडणं. याला अँटी-फ्लिकर किंवा फ्लिकर रिडक्शन म्हणतात. डी५३००मध्ये फोटोसाठी ही सोय नाही. निकॉन डी५००, डी७५०० यांत आहे, सोनी ए७ थ्री आणि कॅनन आर६ मध्येही आहे. गंमत म्हणजे निकॉन डी७५० हा फुल फ्रेम, वापरलेला स्वस्तात मिळतो म्हणून बरेचजण सुचवतात, त्यात फोटोसाठी ही सोय नाही. तेव्हा तुमच्या यादीतून तो वगळा. ही सोय चालू केली की फोटोंचा वेग किंचित मंदावतो, पण दहातले दहा एकसारखे मिळतात.

आणि मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतलात तर इलेक्ट्रॉनिक शटर अशा दिव्यांखाली वापरू नका. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे एकाच फोटोत काळे-उजळ आडवे पट्टे येतात. यांत्रिक शटरच ठेवा. आवाज होतो तो होऊ दे, कबड्डीच्या मैदानावर कोणाला ऐकू येतोय!

वार्तापट

फोकससाठी पैसे न खर्चता करून बघा: फोकस एएफ-सी (सतत फोकस) वर, पॉइंट मधलाच, आजूबाजूचे धरून ९ पॉइंट वापरणारा पर्याय. शटर बटणावरून फोकस काढून मागच्या एई-एल/एएफ-एल बटणावर द्या, डी५३००च्या मेनूत तशी सोय आहे. अंगठ्याने सतत फोकस धरून ठेवायचा आणि बोटाने फक्त टिपायचं. सवयीला आठवडा जातो. चेहऱ्यापेक्षा जर्सीवरचा आकडा धरा. ठळक काठ असलेली जागा अंधारात कॅमेऱ्याला लवकर सापडते. आमच्याकडे एक संघ काळी जर्सी घालून उतरतो, त्या दिवशी मी सगळा सामना आकड्यांवरच काढतो.

५० एमएम एफ/२ ला सहा मीटरवर साधारण एक मीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. साखळीतल्या तिघी त्यात बसतात, चौथी बसत नाही. तेव्हा कोणावर फोकस ठेवायचा ते आधीच ठरवा.

सह्यवारा

ताई, आता तुमचा प्रश्न पहिल्या दिवसापेक्षा खूप स्पष्ट झाला आहे, आणि मीही माझं मत बदलतो. लेन्सचा प्रश्न सुटलेला दिसतो. उरलं काय? अंगावर येणाऱ्या खेळाडूवर फोकस, लुकलुकणारे दिवे, आणि अडकणारा बफर (सलग काढलेले फोटो तात्पुरते साठवणारी कॅमेऱ्यातली जागा). तिन्ही बॉडीची दुखणी आहेत. त्यासाठी फुल फ्रेमच हवा असं नाही.

माझ्या मते दोन पर्याय.

वापरलेला निकॉन डी५००. २०१६चा, २०.९ मेगापिक्सेल, सेकंदाला १० फोटो. १५३ फोकस पॉइंट, त्यातले ९९ क्रॉस टाइप आणि ते जवळजवळ चौकटीच्या कडेपर्यंत. मधला पॉइंट उणे ४ ईव्हीपर्यंत (ईव्ही हे उजेडाचं माप) काम करतो, म्हणजे साधारण चांदण्याइतक्या उजेडातही. बफर इतका मोठा की योग्य कार्ड असेल तर २०० रॉ फोटो सलग. "योग्य कार्ड" म्हणजे एक्सक्यूडी, ते महाग असतं, तो खर्च धरून चाला. दुसऱ्या खाचेत साधं एसडी चालतं, पण मग बफर लवकर भरतो. खेळांसाठीच बनवलेला कॅमेरा आहे. तुमची १८-५५ आणि ५० दोन्ही सरळ लागतील.

दुसरा, नवा निकॉन झेड५० टू, २०२४च्या शेवटी आलेला. हलका, वॉरंटीसह, सेन्सर त्याच आकाराचा. जुन्या लेन्ससाठी एफटीझेड नावाचा अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागेल, तुमच्या "जी" लेन्स त्यावर ऑटोफोकस होतात. पुढे कंपनीच्या नव्या लेन्स या झेड माउंटसाठीच येणार, हा मोठा मुद्दा. डी५०० बंद झाला आहे, दहा वर्षांनी त्याचे सुटे भाग शोधावे लागतील.

तुमच्या जागी मी असतो तर दोन्ही एकेका रात्रीसाठी भाड्याने आणून बघितले असते.

जुनी_काच

सह्यवाराशी सहमत. एक हिशोब जोडतो, म्हणजे "फुल फ्रेम नाही" ही रुखरुख राहणार नाही. तुमच्या आकाराच्या सेन्सरवर एफ/१.८ म्हणजे भुरकटपणाच्या बाबतीत फुल फ्रेमवर साधारण एफ/२.८. दैनिकांचे छायाचित्रकार फुल फ्रेमवर ७०-२०० एफ/२.८ लावून बसतात, तीच गुणवत्ता तुम्हाला ५० किंवा ८५ च्या छोट्या लेन्सवर मिळते. झूम मिळत नाही, त्याऐवजी दोन पावलं सरकावं लागतं. बॉडी घेऊन पैसे उरले तर ८५ एमएम एफ/१.८ जी घ्या. आठ-दहा मीटरवरून दोन-अडीच मीटर रुंदीची चौकट मिळते, म्हणजे चढाईपटू आणि तिला धरणाऱ्या दोघी.

रानभूल

वापरलेला घेणार असाल तर माझा अनुभव ऐका. चार वर्षांपूर्वी मी शहरातल्या एका दुकानातून वापरलेली टेलिफोटो घेतली. काउंटरवरच्या दिव्यात चकचकीत दिसली. घरी आणून अंधारात मागून टॉर्च मारला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुकानाने परत घेतली नाही. दीड महिन्याचा पगार गेला, ते दुःख अजून आहे. तेव्हा टॉर्च खिशात घेऊनच जा, लेन्स पूर्ण उघडी करून दोन्ही बाजूंनी बघा.

बॉडीत शटर किती वेळा पडलं ते विचारा आणि स्वतः तपासा. डी५००चं शटर दोन लाख वेळांसाठी तपासलेलं असतं, डी७५००चं दीड लाख. खेळाच्या छायाचित्रकाराने वापरलेली बॉडी त्या आकड्याच्या पुढे गेलेली असू शकते. एफ/१६ वर कोऱ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा, सेन्सरवरचे डाग त्यात लगेच दिसतात.

आणि तुम्ही कोकणातल्या. पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा.

नवखा_०७

मी फोनबद्दल विचारलं होतं, तेव्हापासून रोज हा धागा वाचतोय. भुरकटपणा संगणकावर काढून टाकता येतो ना? मग आयएसओ १२८०० करून शटर आणखी वाढवलं तर?

जुनी_काच

येतो. २०२३मध्ये लाइटरूममध्ये रॉ फोटोसाठी नवं डीनॉइज आलं, डीएक्सओचं प्युअररॉ तर त्याच्याही आधीपासून आहे. दोन्ही खरोखर चांगली आहेत. मात्र संगणकात बरं ग्राफिक्स कार्ड लागतं, नाहीतर एकेका फोटोला कित्येक मिनिटं जातात. मी फक्त निवडलेल्या फोटोंवर चालवतो.

पण एक समज दूर करायला हवा. भुरकटपणा आयएसओमुळे येत नाही, कमी उजेडामुळे येतो. आयएसओ ३२०० ठेवून फोटो काळा काढला आणि नंतर संगणकावर दोन स्टॉप उजळला, तर तो १२८०० इतकाच, कधी त्याहून वाईट दिसतो. म्हणून मैदानावरच उजळ काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो छोटा होऊन जातो, तेव्हा निम्मे कण आपोआप विरून जातात.

मध्यरेषा

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा. मध्ये परीक्षा होत्या.

कोल्हापूरहून दोन्ही कॅमेरे एकेका रात्रीसाठी भाड्याने आणले. झेड५० टू हातात फार हलका वाटला आणि पडद्यात उजेड-अंधार आधीच दिसतो हे खूप आवडलं. टोरांटोकरांनी सांगितलेली चेहऱ्यांवरची उडीही अनुभवली, छोटा चौकोन केल्यावर थांबली. डी५०० जड, पण अंगठ्याने जर्सीचा आकडा धरला की तो सोडतच नाही. फ्लिकरची सोय चालू केल्यावर दोन्हींत सगळे फोटो एका रंगाचे आले. एलईडीच होते, बांबूवर चढून बघितलं.

डी५०० घेतला, वापरलेला. शटर ६१ हजार. टॉर्च आणि आभाळाचा फोटो, दोन्ही केलं. कार्डासकट बजेटमध्ये बसला आणि ८५ साठी थोडे पैसे उरले आहेत, ती दिवाळीला. सहकाऱ्याची ५० परत केली आणि स्वतःची घेतली.

काल रात्री उपान्त्य सामना होता. मध्यरेषेच्या टोकाला बसले होते. समोरच्या संघाची चढाईपटू, आमच्या तिघी उरलेल्या, म्हणजे अव्वल पकडीची संधी. डाव्या कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरला, दुसरीने कंबर. चढाईपटूचा हात मध्यरेषेच्या दिशेने ताणलेला, मधल्या बोटाचं टोक आणि चुन्याची रेषा यांत चार बोटांचं अंतर. घोटा धरणाऱ्या मुलीचे डोळे घट्ट मिटलेले, दातांत माती. १/८००, एफ/१.८, आयएसओ ८०००. सलग नऊ फोटो आले, नऊही स्पष्ट.

तिचे वडील रिक्षा चालवतात. आज सकाळी शाळेत आले, फोनवर तो फोटो बघून काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, याची मोठी प्रत घरात लावायची आहे. १२ बाय १८ इंचाची काढून द्यायची ठरवली आहे. प्रिंट कधी काढली नाही. काय काळजी घेऊ?

वार्तापट

ताई, डोळ्यांसमोर उभा राहिला फोटो. अभिनंदन तुमचंही आणि त्या मुलीचंही.

प्रिंट पडद्यापेक्षा नेहमी गडद येते, रात्रीच्या फोटोत तर जास्तच. चेहरा आणि हात थोडे उजळ करून घ्या, मागचा काळोख तसाच राहू दे. लॅबला मॅट कागद सांगा, चकचकीत कागदावर घरातल्या ट्यूबचा उजेड पडून काळा भाग दिसेनासा होतो. बाहेरच्या लॅबमध्ये ते आपणहून रंग सुधारतात, तसं करू नका म्हणून सांगा, नाहीतर माती केशरी होईल. कडेने अर्धा इंच जास्त जागा सोडून कापा, चौकटीत बसवताना मध्यरेषा कापली जायला नको. आधी ४ बाय ६ ची एक छोटी प्रत काढून दिवसाच्या उजेडात बघा, मग मोठी सांगा.